मैदानाचं बोलावणं आणि अर्धी राहिलेली पदवी

१९२३ साली नागपुरात दोन गोष्टी घडल्या. ४ ऑगस्टला नागपूर विद्यापीठ स्थापन झालं. आणि त्याच वर्षी या शहराचा सर्वांत गुणी क्रिकेटपटू, कोट्टरी कनकय्या नायडू, होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून इंदूरला निघून गेला. विद्यापीठामुळे भंडाऱ्यापासून वऱ्हाडापर्यंतच्या पोरांना पदवीचा रस्ता घराजवळ आला. नायडूंच्या जाण्याने हे दिसलं की नुसत्या खेळावरही माणसाचं आयुष्य उभं राहतं, मात्र त्यासाठी गाव सोडावं लागतं. आज भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजातला कबड्डीपटू बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात पेचात पडतो, तेव्हा तो याच दोन रस्त्यांच्या फाट्यावर उभा असतो. खेळायचं बोलावणं आलं तर शिकणं अर्ध्यावर टाकून जावं का? अमेरिकेत बास्केटबॉलच्या निमित्ताने हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याकडे तो घराच्या ओसरीतच सुटतो किंवा चिघळतो.

नायडू तेव्हा विद्यार्थी नव्हते, सत्तावीस वर्षांचे होते. त्यांचे आजोबा वकील आणि मोठे जमीनदार. वडीलही कायदा शिकलेले. १९१६ पासून नायडू मुंबईच्या स्पर्धेत हिंदू संघाकडून खेळत होते. इंदूरला गेल्यावर त्यांना होळकरांच्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा मिळाला. हुद्दा फौजेचा, काम क्रिकेटचं. तीन वर्षांनी, डिसेंबर १९२६ मध्ये, मुंबईच्या जिमखान्यावर त्यांनी इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध अकरा षटकारांसह १५३ धावा ठोकल्या, आणि १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचं नेतृत्व केलं. ते नागपुरात राहिले असते तर हे झालं असतं का, हे कुणी सांगू शकत नाही. पण इंदूरने त्यांना जे दिलं ते नागपूर देऊ शकत नव्हतं, हे खरं आहे. ते म्हणजे रोज खेळायला मिळणं, आणि त्याची चिंता घरच्या कुणाला न करावी लागणं.

त्यांच्यामागून होळकरांच्या संघात किती मराठी माणसं गेली, हे आता फारसं आठवलं जात नाही. सागरचे चंदू सरवटे, नागपुरात जन्मलेले डावखुरे हिरालाल गायकवाड, मुंबईचे खंडू रांगणेकर, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. या संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. सांगलीच्या एका शिक्षकाचा मुलगा विजय हजारे देवासच्या महाराजांच्या पदरी राहिला, पुढे बडोद्याला गेला. आपल्या भागातली धंदेवाईक खेळाची एक जुनी व्यवस्था ही अशी होती: राजाची मर्जी हाच करार, आणि हुद्दा हेच मानधन. त्यात एक मोठी उणीव होती. संस्थान बुडालं की खेळाडूचा आधारही बुडणार. १९४८ मध्ये इंदूर मध्य भारतात विलीन झालं; संघ होळकरांच्या नावाने आणखी काही वर्षं खेळला आणि मग ते नावही गेलं. नायडूंसारख्या घरंदाज माणसाला त्याची झळ बसली नाही. पण ज्याच्या मागे वकील आजोबा नाही, त्याने राजाच्या मर्जीवर आयुष्य लावावं का, हा प्रश्न तिथेच उभा राहिला.

भंडारा जिल्हा तेव्हा या सगळ्यापासून दूर होता. धान, तलाव, विडी, मॅंगनीजच्या खाणी. ज्याला शिकायचं त्याने वरठीच्या स्टेशनवर गाडी पकडायची आणि नागपूर गाठायचं. घरून डबा पाठवणं जमेल तोवर शिकायचं, नाही जमलं की परत यायचं. कॉलेज जिल्ह्यात पोचायला स्वातंत्र्यानंतर एक तप जावं लागलं. १९५८ मध्ये मनोहरभाई पटेलांनी गोंदिया शिक्षण संस्था उभी केली (गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं, ते वेगळं झालं १ मे १९९९ रोजी), आणि हळूहळू गोंदिया, भंडारा, तुमसर, साकोलीला महाविद्यालयं आली. ज्या घरात आजवर कुणी मॅट्रिक झालं नव्हतं, त्या घरातला मुलगा पदवीच्या वर्गात बसू लागला. म्हणूनच या जिल्ह्यात पदवी अर्ध्यावर सोडणं ही हलकी गोष्ट नाही. ती कागदाची एक भेंडोळी असेल, पण तिच्यासाठी दोन पिढ्यांनी रोवणा केलेला असतो. शिकलेल्या शहरी घरातला मुलगा "एक वर्ष थांबून बघतो" म्हणतो तेव्हा त्याचं फारसं काही जात नाही. इथे जातं.

त्याच सुमारास, आपल्याकडे तालुक्याच्या गावी कॉलेजं उघडत होती तेव्हा, अमेरिकेत कॉलेज हे खेळाडूच्या वाटेतलं नाकं झालं होतं. हा इतिहास सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण 'मुलाने आधी शिक्षण पूर्ण करावं' हे चांगलं वाक्य कुणाच्या फायद्याचं असू शकतं ते त्यातून दिसतं.

तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेचा, म्हणजे एनबीएचा, नियम असा होता की शाळा संपून चार वर्षं झाल्याखेरीज कुणालाही संघात घेता येणार नाही. चार वर्षं म्हणजे तिथल्या पदवीचा काळ. नियमामागचं कारण मुलांचं भलं असं सांगितलं जाई. पण व्यवहार असा होता की ही चार वर्षं मुलं विद्यापीठांच्या संघांतून खेळत. त्यांचे सामने तिकीट लावून होत, दूरचित्रवाणीवर दाखवले जात, प्रशिक्षकांना पगार मिळे, विद्यापीठांच्या तिजोऱ्या भरत. खेळणाऱ्याला मिळे शिष्यवृत्ती, म्हणजे फी, राहणं आणि जेवण. त्यापलीकडे कुणाकडून पैसे घेतले तर तो बाद. आणि व्यावसायिक संघांना चार वर्षं फुकट तयार झालेला, नावारूपाला आलेला खेळाडू आयता मिळे. करीम अब्दुल-जब्बार (तेव्हाचा ल्यू अल्सिंडर) हा त्या काळातला सर्वांत मोठा खेळाडू, पण तोही १९६५ ते १९६९ अशी चार वर्षं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात राहिला. कॉलेजच्या खेळांसाठी तेव्हा असलेल्या नियमाप्रमाणे त्यातलं पहिलं वर्ष तर त्याला मुख्य संघात खेळताही आलं नाही.

हे नाकं फोडलं स्पेन्सर हेवूड या मुलाने. १९४९ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या सिल्व्हर सिटी नावाच्या खेड्यात त्याचा जन्म झाला. दहा भावंडं. वडील तो जन्मण्याआधीच वारले होते. आई मजुरी करायची आणि मुलं लहानपणापासून कापूस वेचायला जायची. कापूस वेचणं म्हणजे बोटांचं काय होतं, हे विदर्भाच्या वाचकाला समजावून सांगायला नको. काळ्या माणसाला त्या राज्यात मतदानाचा हक्कही नावापुरता होता. मुलगा उंच निघाला, उत्तरेला डेट्रॉइटला गेला आणि शाळेच्या संघाला राज्याचं अजिंक्यपद मिळवून दिलं. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकला अल्सिंडरसारखे नामांकित काळे खेळाडू गेले नाहीत. तिथे हा एकोणीस वर्षांचा पोरगा अमेरिकेच्या संघात सर्वाधिक गुण मिळवून सुवर्णपदक घेऊन आला. त्यानंतर एक वर्ष तो डेट्रॉइट विद्यापीठाकडून खेळला. सामन्यामागे त्याची सरासरी बत्तीस गुणांची होती.

आणि मग तो थांबला नाही. घरी आई आणि भावंडं तशीच होती. एनबीएची स्पर्धक असलेली एबीए ही नवी संघटना तेव्हा खेळाडू शोधत होती. तिचाही नियम चार वर्षांचाच होता, पण घरच्या हलाखीचं कारण देऊन तिने हेवूडला सवलत दिली. १९६९-७० च्या हंगामात तो डेन्व्हरच्या संघाकडून खेळला आणि पहिल्याच वर्षी संघटनेचा सर्वोत्तम नवा खेळाडू आणि सर्वोत्तम खेळाडू, दोन्ही किताब त्याने घेतले. ज्याला 'अजून कच्चा' म्हणून अडवायचं होतं, तो असा निघाला.

पण इथेच एक धडा मिळतो, आणि मला तो हेवूडच्या विजयापेक्षा महत्त्वाचा वाटतो. डेन्व्हरच्या करारावरचा आकडा डोळे दिपवणारा होता. पुढे लक्षात आलं की त्यातला मोठा भाग त्याला हातात मिळणारच नव्हता. तो कुठेतरी गुंतवून वर्षानुवर्षांनी, उतारवयाकडे झुकल्यावर, हप्त्यांनी द्यायचा होता. सही करताना तो विशीचा होता. कागद कुणी नीट वाचून दाखवला नव्हता. लवकर निघालेल्या मुलाला खेळ कमी येतो म्हणून तो फसत नाही, कागद वाचता येत नाही म्हणून फसतो. कॉलेजात राहिलेली चार वर्षं निदान एवढं शिकवतात का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. बहुतेक कॉलेजं तेही शिकवत नाहीत.

डिसेंबर १९७० मध्ये हेवूडने एनबीएच्या सिअॅटल संघाशी करार केला. संघाचे मालक सॅम शुलमन यांनी नियम माहीत असूनही त्याला घेतलं. एनबीएने विरोध केला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. त्या हिवाळ्यात हेवूडचे दिवस कसे गेले असतील याची कल्पना करावी. न्यायालयाने परवानगी दिली की तो खेळणार, वरच्या न्यायालयाने स्थगिती दिली की नाही खेळणार. परगावी सामन्याआधी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं जाई की मैदानात एक बेकायदा खेळाडू आहे. प्रेक्षक ओरडत, वस्तू फेकत. १ मार्च १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्याची खेळण्याची परवानगी पुन्हा लागू केली. त्यांचं म्हणणं साधं होतं: खटला संपेपर्यंत या मुलाला बसवून ठेवलं तर त्याचं जे नुकसान होईल ते कधीच भरून निघणार नाही. तीन आठवड्यांनी खालच्या न्यायालयात न्यायाधीश फर्ग्युसन यांनी चार वर्षांचा नियमच मक्तेदारीविरोधी कायद्याशी विसंगत ठरवला. त्यांच्या मते, मालकांनी एकत्र येऊन एका माणसाला रोजगार नाकारणं हा बहिष्कारच होता.

पुढे तडजोड झाली. एनबीएने हलाखी सिद्ध करणाऱ्या विद्यार्थ्यांना लवकर येऊ द्यायचं ठरवलं आणि १९७६ मध्ये ती अटही काढली. हेवूड स्वतः सिअॅटलसाठी फार मोठा खेळाडू झाला. पण दहा वर्षांनी, लॉस एंजेलिसच्या संघात असताना, तो कोकेनच्या विळख्यात सापडला आणि १९८० च्या अंतिम फेरीतच त्याला संघाबाहेर काढलं गेलं. त्यातून तो सावरला. खेळाच्या मानाच्या दालनात त्याचं नाव लागलं ते २०१५ मध्ये, खटल्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी. त्याने उघडलेल्या दारातून गेलेल्या किती तरी कोट्यधीश खेळाडूंना त्याचं नाव तोवर ठाऊक नव्हतं.

दार उघडल्यावर कोण कोण गेलं? मॅजिक जॉन्सन १९७९ मध्ये दोन वर्षांनी कॉलेज सोडून गेला. आयझाया थॉमसने १९८१ मध्ये तेच केलं, पण आईला पदवी पूर्ण करण्याचं वचन लिहून दिलं होतं आणि ते पाळलं. मायकेल जॉर्डन तीन वर्षांनी गेला आणि दोन वर्षांत पदवी घेऊन मोकळा झाला. शकील ओनीलला ती घ्यायला आठ वर्षं लागली, पण त्याने घेतली. उलट टिम डंकनने मरणाऱ्या आईला पदवीचं वचन दिलं होतं; लाखो डॉलर समोर असताना तो चारही वर्षं थांबला आणि १९९७ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. थांबल्याने त्याचं काही बिघडलं नाही.

यातला एक प्रसंग मला फार जवळचा वाटतो. व्हिन्स कार्टर १९९८ मध्ये पदवीआधी व्यावसायिक झाला आणि नंतर अभ्यास पुरा केला. २० मे २००१ रोजी सकाळी उत्तर कॅरोलायनात पदवीदान होतं आणि त्याच दिवशी फिलाडेल्फियात टोरोंटोचा निर्णायक सातवा सामना. तो सकाळी समारंभाला गेला, विमानाने परत आला, सामना खेळला. शेवटच्या क्षणी चेंडू त्याच्याच हातात होता, आणि ती फेक हुकली. एका गुणाने संघ हरला. लोकांनी त्याला पदवीदानाला गेल्याबद्दल झोडपलं. ज्या समाजाने वर्षानुवर्षं 'आधी पदवी' म्हणून मुलांना अडवलं, त्याच समाजाला एका सामन्यापुढे ती पदवी नकोशी झाली. या मुलांनी कुणाचं ऐकायचं?

मग वयाची पायरी आणखी खाली उतरली. १९९५ मध्ये केव्हिन गार्नेट शाळेतून थेट एनबीएत गेला, १९९६ मध्ये कोबी ब्रायंट, २००३ मध्ये लेब्रॉन जेम्स. या तिघांची नावं जगाला माहीत आहेत. पण कोबीच्याच वर्षी शाळेतूनच नाव देऊन बसलेला एक मुलगा कुणीच निवडला नाही, आणि नाव दिल्यामुळे त्याला कॉलेजातही खेळता आलं नाही. असे आणखीही होते. लवकर जावं की न जावं, या वादात सगळे गार्नेट आणि लेब्रॉनकडे बोट दाखवतात, कारण हुकलेल्यांची नावं कुणी लक्षात ठेवत नाही. २००५ मध्ये एनबीएने पुन्हा मर्यादा घातली: वय किमान एकोणीस आणि शाळा संपून एक वर्ष. मग सगळेच एक वर्षासाठी कॉलेजात येऊ लागले, पहिल्या सत्रात हजेरी लावायची, दुसऱ्यात खेळायचं आणि निघून जायचं. शिक्षणाच्या नावाने एवढा रिकामा नियम क्वचितच झाला असेल.

आपल्या देशाचा एक मुलगाही या गोष्टीत आहे. पंजाबातल्या बल्लो के गावच्या शेतकऱ्याचा मुलगा सतनाम सिंग चौदाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातल्या क्रीडा अकादमीत गेला आणि २०१५ मध्ये, अमेरिकी कॉलेजात एक दिवसही न खेळता, डॅलसच्या संघाने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडलं. पहिला भारतीय. मोठा उत्सव झाला. पण एनबीएच्या एकाही सामन्यात तो उतरला नाही. दुय्यम लीगमध्ये बसून, परत येऊन, शेवटी तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. त्याला चार वर्षं चांगल्या कॉलेजात खेळायला मिळाली असती तर काय झालं असतं, असं मला अनेकदा वाटतं. त्याच्या बाबतीत थांबणं हिताचं होतं असं मी म्हणेन. हेवूडच्या बाबतीत निघणं. दोघांमध्ये फरक गुणांचा नव्हे, तयारीचा होता. हेवूड ऑलिंपिक जिंकून निघाला होता.

आता अमेरिकेत चक्र उलटं फिरलंय. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावता येतं आणि २०२५ पासून विद्यापीठं त्यांना उत्पन्नातला वाटाही देऊ शकतात. परिणाम असा की लवकर निघणारे कमी झाले. पन्नास वर्षं 'शिक्षणाची ओढ' शिकवून जे साधलं नाही ते हक्काचे पैसे दिल्यावर साधलं. मुलं शिक्षणाला कंटाळून जात नव्हती. घरची गरज त्यांना नेत होती.

आपल्याकडे बास्केटबॉलची बाजारपेठ तेवढी कधी झाली नाही. आपल्या जिल्ह्यात आजही हा खेळ एखाद्या शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर दिसतो. आपला खेळ कबड्डी. चुरणं आटोपलं, मंडई भरायला लागल्या, की झाडीपट्टीत नाटकांसोबत कबड्डीचे सामने रंगतात आणि रोख बक्षिसं लागतात. कॉलेजात असलेला चांगला चढाईपटू त्याच हंगामात विद्यापीठाच्या संघात निवडला जातो, आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळतो, कलर कोट मिळवतो. आपल्या व्यवस्थेत एक गोष्ट अमेरिकेपेक्षा जुनी आणि शहाणी होती: गावच्या सामन्यात बक्षीस घेतलं म्हणून विद्यापीठाने कुणाला बाद केलं नाही. आणि पुढचा रस्ता होता नोकरीचा. मुंबईत एअर इंडिया, महिंद्रा, भारत पेट्रोलियम, रेल्वे, पोलीस यांचे संघ उभे होते; स्पर्धांमध्ये त्यांचा गटच व्यावसायिक म्हणून वेगळा खेळवला जाई. खेळाडूला महिन्याचा पगार, निवृत्तिवेतन आणि घरच्यांना शांत झोप. होळकरांच्या हुद्द्याची ही लोकशाहीतली आवृत्ती म्हणता येईल, फक्त राजाऐवजी महामंडळ.

पण पूर्व विदर्भातल्या मुलाला मुंबई फार लांब पडायची. एकदा उमेश यादवची गोष्ट आठवावी. खापरखेड्याजवळच्या वलनी खाण वसाहतीतला, कोळसा खाणीत काम करणाऱ्या माणसाचा मुलगा. पोलिसात किंवा फौजेत भरती व्हावी एवढीच त्याच्या घराची अपेक्षा, आणि तिथेही त्याची निवड झाली नाही. कॉलेजच्या संघात खेळायला गेला तर कोणत्या क्लबकडून खेळलास असं विचारून नाकारलं गेलं. टेनिस चेंडूने खेळणारा हा मुलगा विदर्भाचे तेव्हाचे कर्णधार प्रीतम गंधे यांच्या नजरेत आला. त्यांनी पाठ धरली नसती तर तो कदाचित आजही भरतीच्या रांगेत असता. नोव्हेंबर २००८ मध्ये त्याने रणजीत पदार्पण केलं, नोव्हेंबर २०११ मध्ये विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला, आणि २०१७ मध्ये रिझर्व्ह बॅंकेने त्याला क्रीडा कोट्यातून अधिकाऱ्याची नोकरी दिली. अमेरिकेत मुलाने कॉलेज सोडावं का यावर पन्नास वर्षं वाद चालला. इथे मुलाला मैदानात घेण्याचं काम एका जागरूक माणसाने केलं. विदर्भाच्या खेळाचा खरा तोटा लवकर निघणाऱ्यांमुळे झालेला नाही. ज्यांना कुणी बोलावलंच नाही, त्यांच्यामुळे झाला आहे.

२६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी सुरू झाली आणि बोलावणं खरोखर यायला लागलं. कोल्हापुरातल्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई, जो पदार्पणाच्या हंगामात छत्तीस लाखांना गेला होता, २०१९ च्या लिलावात एक कोटी पंचेचाळीस लाखांना गेला. आणि तो विज्ञानाची पदवी घेऊन आला होता, हे फार कमी वेळा सांगितलं जातं. २०१७ मध्ये बंगळुरूच्या संघाने आपले घरचे सामने नागपूरच्या मानकापूर संकुलात खेळवले, तेव्हा आमच्या भागातल्या पोरांनी पहिल्यांदा ते दिवे आणि ते मॅट जवळून पाहिले. त्यानंतर अनेक मुलांच्या मनात कॉलेज मागे पडलं. काहींनी वर्गात जाणं सोडून फक्त सराव धरला. निवड चाचणीला जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. माझं मत इथे ठाम आहे. हातात करार असेल, रक्कम कागदावर असेल आणि तो कागद एखाद्या वकिलाने वाचलेला असेल, तर मुलाने खुशाल जावं. शरीर मोजकी वर्षंच साथ देतं आणि वर्ग थांबू शकतो. पण चाचणीच्या आशेवर कॉलेज सोडणं म्हणजे बोलावणं न येता मुक्काम हलवणं. प्रो कबड्डीतल्या संघांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी आहे. उरलेल्यांसाठी उरते ती सरकारी नोकरी, आणि तिथे पदवी लागते. राज्याने खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखल्या (२००५ चा निर्णय, १ जुलै २०१६ ला सुधारलेला), पण खेळाचं प्रमाणपत्र शैक्षणिक पात्रतेची जागा घेत नाही. राष्ट्रीय पदक आणि बारावी असलेला मुलगा शिपाई होऊ शकतो. तेच पदक आणि पदवी असलेला अधिकारी होऊ शकतो. पवनीच्या किंवा लाखांदूरच्या घरासाठी हा फरक पूर्ण पिढीचा आहे.

सुदैवाने आता परत येण्याची वाट कायद्याने आखून दिली आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे विद्यार्थ्याची उत्तीर्ण सत्रं अकॅडेमिक बॅंक ऑफ क्रेडिट्समधल्या त्याच्या खात्यात जमा होतात आणि सात वर्षं ग्राह्य राहतात. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला, एक छोटा कौशल्य अभ्यासक्रम पुरा केला तर, प्रमाणपत्र मिळतं; दुसऱ्यानंतर पदविका; आणि परत आल्यावर पुढच्या वर्षापासून सुरू करता येतं. एकोणिसाव्या वर्षी गेलेला चढाईपटू काही वर्षांनी गुडघा बांधून परत आला, तरी त्याची सत्रं शिल्लक असतात.  अडचण एवढीच की हे त्या मुलाला कुणी सांगत नाही. परीक्षा न देता त्याने नुसतं येणं बंद केलं, तर त्या सत्राचं काहीच खात्यात पडत नाही. जाणारा जाणार असेल तर त्याच्या क्रीडा संचालकाने निघण्याच्या आठवड्यात त्याला कार्यालयात नेऊन बसवावं, बाहेर पडण्याचा अर्ज त्याच्या हाताने भरून घ्यावा, त्याच्या आईबापांसमोर कराराची प्रत वाचावी, आणि मग गाडीत बसवून द्यावं.